पानगळीतला फेरफटका: 54 दिवसांच्या नोंदी, चुका आणि दुरुस्त्या

शरद ऋतूत रोज सकाळी चालायला जायचं आणि वाटेत जे दिसेल ते वहीत उतरवायचं, एवढंच हे काम. 22 सप्टेंबरला सुरू केलं, 14 नोव्हेंबरला वही भरली. कुणाला असं काही करायचं असेल तर माझा जो वेळ वाया गेला तो तुमचा तरी जाऊ नये म्हणून नोंदी टाकतेय. ज्या दिवशी "विशेष काही नाही" असं लिहिलंय ते दिवस गाळलेत, असे दिवस पहिल्या दोन आठवड्यांत खूप आहेत आणि नंतर जवळजवळ नाहीतच. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर तारखा सहा महिने पुढे धरा.

सामान: वही, शिसपेन्सिल, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, लोकरीचा धागा, 30 सेंमीची पट्टी, मोबाईल, एक जुनी पांढरी चादर. पैशाचा खर्च जवळपास शून्य. वेळ मात्र रोज 50 मिनिटं ते तासभर, आणि घरी येऊन लिहायला वर 20 मिनिटं.

22 सप्टेंबर (दिवस 1)

दिवस-रात्र सारखे होतात ती तारीख म्हणून मुद्दाम आजपासून सुरुवात. अलार्म 7:15 चा लावला, 4 किलोमीटरचा फेरा ठरवला, म्हणजे मैदान, तळं, मोठा रस्ता आणि परत. 50 मिनिटं लागली. घरी येऊन लिहायला बसले तर एकही गोष्ट धड आठवेना. वहीत लिहिलंय: झाडं हिरवी, हवा गार, एक खार. बस.

25 सप्टेंबर (दिवस 4)

आता चालता चालता लिहायला लागले. पण गवतातून काही उचललं की हात ओले होतात आणि जेल पेनची शाई पसरते, दीड पान वाचताच येत नाही. आजपासून पेन बंद, साधी शिसपेन्सिल.

27 सप्टेंबर (दिवस 6)

वाटेवरच्या मेपलच्या एका खालच्या फांदीवर 30 पानं निवडली आणि प्रत्येकाच्या देठाला नंबर लिहिलेल्या चिठ्ठीसकट लोकरीचा धागा बांधला. कुठलं पान कधी पिकतं, कधी गळतं ते बघायचंय. बांधायला पाऊण तास गेला, चालणं राहिलंच.

29 सप्टेंबर (दिवस 8)

आजची चूक मला लागून राहिलीय. कुंपणाच्या तारेत कोळ्याचं मोठं गोल जाळं होतं, मध्ये कोळीण बसलेली, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रॉस. फोटोत जाळं नीट दिसेना म्हणून स्प्रे बाटलीने त्यावर पाणी मारलं. दोन फवाऱ्यांत जाळ्याचा खालचा भाग वजनाने लोंबला, चार-पाच आरे तुटले आणि कोळीण पळून कुंपणाच्या खाचेत जाऊन बसली. फोटो पण काही आला नाही.

करू नका हे. जाळं दिसायला पाणी लागत नाही, उजेडाची बाजू बदलावी लागते. सूर्याकडे तोंड करून, जाळ्याच्या मागे काहीतरी काळं येईल असं उभं राहायचं, गडद झुडूप असलं तरी चालतं. मग प्रत्येक धागा आपोआप चमकतो.

1 ऑक्टोबर (दिवस 10)

धाग्यांच्या 30 पानांपैकी 9 गायब. एवढ्या लवकर? शेजारच्या, धागा नसलेल्या फांदीवर मात्र सगळी पानं जागच्या जागी. म्हणजे चूक माझी, गाठ घट्ट बसली आणि देठ दुखावले. आणि धागा देठालाच बांधल्यामुळे पानाबरोबर धागा आणि नंबर दोन्ही खाली, पाचोळ्यात शोधून फक्त 4 सापडले. चार दिवसांचं काम फुकट.

सगळे धागे सोडले. आता धागा देठाला नाही, तर पानाच्या बुडाशी डहाळीला सैल बांधलाय. पान गेलं तरी नंबर तिथेच राहतो. नवीन सुरुवात, 30 पानं.

3 ऑक्टोबर (दिवस 12)

बाबा आजपासून बरोबर आले. त्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे 4 किलोमीटरचा प्रश्नच नाही, दीड किलोमीटर ठरवलं. मनातून थोडी खट्टू झाले होते की माझा फेरा गेला. तर दीडशे पावलांवरच ते थांबले. मी म्हटलं, "बाबा, दमलात का? बसायचं का?"

"दमलो नाही गं. हे बघ, हिचं जाळं किती वाकडं आहे."

तीच कोळीण, जुन्या जागेपासून हातभर बाजूला. आणि खरंच, जाळ्याचा मध्य मध्यावर नव्हताच. पट्टी लांबून धरून मोजलं तर मध्यापासून वर 11 सेंमी आणि खाली 16 सेंमी. कोळी डोकं खाली करून बसतो, खाली धावणं वर धावण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून शिकारीची जागा खालच्या बाजूला जास्त. मी आठ दिवस इथून जात होते आणि "गोल जाळं" लिहीत होते.

9 ऑक्टोबर (दिवस 18)

आज वहीची 5 ते 8 तारखेची पानं गेली. कशी ते सांगते. काल गवतात एक भूछत्र मिळालं, पांढरं, उभट अंड्यासारखं, वर लोंबत्या खवल्यांची लव. शॅगी इंक कॅप म्हणतात त्याला. नीट बघायला म्हणून प्लास्टिकच्या डबीत घालून बॅगेत टाकलं आणि विसरले. आज बॅग उघडली तर डबीचं झाकण निसटलेलं आणि आत भूछत्र नाहीच, काळंकुट्ट पाणी. तेच वहीत उतरलं.

ते कुजलेलं नसतं, हे भूछत्र स्वतःला पचवतं. टोपीची कड आधी काळी पडते, वळते आणि विरघळून ठिबकते, मग त्याच्या वरचा भाग, मग त्याच्या वरचा. टोपीखालचे पडदे एकमेकांना इतके चिकटून असतात की आतले बीजाणू बाहेर पडायला जागाच नसते, म्हणून कडेचा पडदा पिकला की वितळून बाजूला होतो आणि वरच्याला वाट मोकळी होते. कुणीतरी पायजम्याची कड गुंडाळत जावी तसं.

डबीतलं उरलेलं पाणी फडक्यातून गाळलं आणि काडी बुडवून बाबांनी वहीच्या मागच्या पानावर तारीख लिहिली. तपकिरी-काळी, छान उमटली. पूर्वी खरंच याची शाई करत. ती तारीख आजही वहीत आहे, माझी चार पानं मात्र गेली.

दुरुस्ती: भूछत्र कागदी पिशवीत, वेगळं, आणि त्याच दिवशी बघायचं. वहीची पानं रोज रात्री फोटो काढून ठेवायची. आणि ओळख पटल्यासारखी वाटली तरी कुठलंही रानातलं भूछत्र तोंडात घालायचं नाही, हात धुवायचे.

10 ऑक्टोबर (दिवस 19)

फोटो जुळवून बघत होते. मेपलच्या त्याच फांदीचे 22 सप्टेंबरपासूनचे फोटो ओळीने लावले तर ते दिवसेंदिवस काळवंडत गेलेत. डोकं खाजवलं, मग लक्षात आलं. मी घड्याळ धरून 7:15 ला निघते आणि सूर्य इथे रोज साधारण दीड मिनिट उशिरा उगवतोय. सुरुवातीला निघताना ऊन असायचं, आता नुसतं उजाडलेलं असतं. उजेडच वेगळा तर रंगाची तुलना कशी करणार. एकोणीस दिवसांचे फोटो रंगासाठी निकामी.

आजपासून वेळ सूर्योदयाला बांधली, उगवल्यानंतर अर्ध्या तासाने. शिवाय मोबाईल सावलीत आपोआप रंग बदलतो, पिवळं पान हिरवट दाखवतो, म्हणून प्रत्येक फोटोत पानाशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरायचा. कागद पांढरा दिसला तरच फोटो ठेवायचा.

धाग्याची पानं: 30 पैकी 28.

12 ऑक्टोबर (दिवस 21)

नवीन वेळेचा पहिला फायदा. सूर्य अजून खाली, मैदानावर भरपूर दव, आमच्या सावल्या लांबलचक गवतावर पडलेल्या. बाबा एकदम थांबले.

"माझ्या डोक्याभोवती उजेड दिसतोय. सावलीत, डोक्याभोवती. तुझ्या नाही."

मी बघितलं. "बाबा, उलटं आहे. माझ्या सावलीच्या डोक्याभोवती आहे, तुमच्या साधी काळी आहे."

दोघं आपापल्या म्हणण्यावर ठाम. मग मी त्यांच्या जागी गेले, ते माझ्या जागी आले, आणि तेच पुन्हा, ज्याला त्याला स्वतःच्याच डोक्याभोवती पांढरट झळाळी. अगदी डोकं टेकवून उभे राहिलो तेव्हा कुठे दोघांनाही दोन्ही डोक्यांवर मिळून एकच दिसली.

याला जर्मन नाव आहे, हायलिगनशाइन. दवाचा प्रत्येक थेंब भिंगासारखा काम करतो, ऊन एकवटून मागच्या पात्यावर पाडतो आणि तिथून परतलेला उजेड बराचसा आलेल्या वाटेनेच, सूर्याच्या दिशेने जातो. त्या वाटेवर फक्त बघणाऱ्याचे डोळे असतात, म्हणून प्रत्येकाला आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती तो दिसतो. 16 व्या शतकातला इटालियन शिल्पकार चेल्लिनी याला हे दिसलं होतं आणि तो प्रकाश खास आपल्यालाच लाभलाय असं त्याने मानलं. मला त्याचं कौतुकच वाटतं, सकाळच्या ओल्या गवतावर जास्त स्पष्ट दिसतं हे पण त्याने टिपून ठेवलं होतं.

दहा मिनिटांत सूर्य वर आला, गेलं. कुणाला बघायचं असेल तर: निरभ्र रात्र, भरपूर दव, आखूड गवत, सूर्य पाठीशी आणि उगवून फार वेळ झालेला नको.

14 ऑक्टोबर (दिवस 23)

आता दवाकडे नीट बघायला लागले तर आणखी एक चूक सापडली, ती पण तीन आठवड्यांची. गवताच्या पात्याच्या अगदी टोकावर एक मोठा गोल थेंब असतो ना, तो मी रोज "दव" म्हणून लिहीत होते. पण आज बाकाखालच्या गवतावर बघितलं. बाकाखाली पाती कोरडी, हात फिरवला तर ओल नाही, आणि तरी टोकांवर थेंब आहेतच, प्रत्येक पात्याला एक, ओळीने टाचण्या लावल्यासारखे.

16 ऑक्टोबर (दिवस 25)

काल रात्री घरामागच्या गवतावर चार विटांवर एक फळी ठेवली, चारही बाजू उघड्या. सकाळी बाहेरचं गवत पांढरं, पूर्ण पातं बारीक थेंबांनी भरलेलं. फळीखालची पाती कोरडी पण टोकांना मोठे थेंब. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दव हवेतून येतं. रात्री आकाश मोकळं असलं की पातं आपली उष्णता वर सोडून गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर जमते, डोक्यावर फळी असली की तेवढं गार होत नाही. टोकावरचा थेंब मात्र गवताच्या आतला. माती ओली असली की मुळं रात्रभर पाणी ओढत राहतात, पानाची तोंडं बंद असल्याने वाफ होऊन जात नाही, मग ते पाणी टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर ढकललं जातं. गटेशन म्हणतात. भिंगातून बघत होते तेव्हा एक थेंब माझ्यासमोर फुगत फुगत गेला, त्यात मागचं झाड उलटं दिसत होतं, आणि मग ओघळला. तिथेच टोकावर दुसरा यायला लागला. त्या एका थेंबापाशी मी वीस मिनिटं गुडघ्यावर होते.

वहीत मागे जाऊन सगळीकडे "दव" खोडून "दव/टोकाचा थेंब, नक्की नाही" असं केलं.

17 ऑक्टोबर (दिवस 26)

आज सूर्योदयाच्या तासभर आधी एकटीच गेले, कोळीण जाळं कसं विणते ते बघायला. टॉर्च सरळ तिच्यावर मारला तर ती आखडून बसली, दहा मिनिटं हललीच नाही. टॉर्चवर लाल कापड बांधलं मग चाललं.

जुनं जाळं तिने आधी गोळा करून खाल्लं, चौकट तेवढी ठेवली. मग मध्यापासून आरे ताणले, मी 27 मोजले. मग मध्यापासून बाहेर मोठ्या अंतराची एक गुंडाळी फिरवली. मला वाटलं झालं, हेच जाळं. पण ती नुसती परांची होती, तात्पुरता आधार, कोरडी. बाहेरच्या कडेला पोचल्यावर ती उलट फिरली आणि आत येता येता खरा चिकट धागा लावायला लागली, आणि पुढे सरकताना आधीची कोरडी गुंडाळी तोडत गेली. प्रत्येक आऱ्यावर मागच्या पायाने धागा ओढून टेकवायचा, पुढचा आरा, टेकवायचा. एकदाही मध्येच थांबून विचार केला असं नाही. पूर्ण 35 मिनिटं लागली, माझी बोटं गारठून पेन्सिल धरता येईना.

हीच जात, क्रॉसवाली, 1973 साली स्कायलॅब या अवकाश प्रयोगशाळेत नेली होती, दोन कोळिणी, ॲनिटा आणि ॲराबेला. सुरुवातीला गडबडल्या, पण वजनच जाणवत नसलेल्या जागी सुद्धा काही दिवसांत बऱ्यापैकी जाळं विणायला लागल्या.

18 ऑक्टोबर (दिवस 27)

मार्ग आणखी कमी केला. कुंपण, मेपल, गिंको (पंख्यासारख्या पानांचं झाड), चिनार, एवढंच, 300 मीटर. वेळ तेवढाच, 50 मिनिटं.

मेपल आता लाल. नंबर 12 च्या पानावर एक पिवळा ठसा दिसला, आणि तो ठसा दुसऱ्या पानाचा होता, बोटं, टोकं सगळं. वर नंबर 11 चं पान अर्धं टेकलेलं होतं, ते उचलल्यावर खाली त्याचीच आकृती. पिवळा रंग पानात मुळापासून असतो, हिरवा ओसरला की उघडा पडतो. लाल मात्र पान आता, जाता जाता तयार करतं आणि त्याला ऊन लागतं. जिथे 11 ची सावली पडली तिथे लाल झालंच नाही.

धाग्याची पानं: 24.

20 ऑक्टोबर (दिवस 29)

रात्रभर वादळी वारा. सकाळी धावतच गेले, म्हटलं सगळी फांदी मोकळी झाली असेल. फक्त 2 पानं पडली. 22 शिल्लक, चांगली घट्ट. वाऱ्याने पान "पडतं" ही माझी समजूत कच्ची निघाली. देठाच्या बुडाशी झाड स्वतः एक पेशींचा पातळ थर तयार करतं, तो पिकून सुटत आला असेल तर वारा निमित्त, नसेल तर वारा काही करू शकत नाही.

22 ऑक्टोबर (दिवस 31)

पहाटे चारला मृग नक्षत्राच्या बाजूने पडणारे उल्का बघायला उठले, हॅलेच्या धूमकेतूने मागे सोडलेली धूळ ती. ढग. तास गेला, दोन दिसल्या. धूमकेतू स्वतः 1986 ला येऊन गेला आणि 2061 ला परत येणार, धूळ मात्र दरवर्षी. पुढच्या वर्षी ढगांचा अंदाज आदल्या रात्री बघायचा.

24 ऑक्टोबर (दिवस 33)

पॉपलरची पडलेली पिवळी पानं वाटेवर खूप आहेत, त्यातल्या काहींवर हिरवे डाग. दोन आठवडे मी हे "पूर्ण न पिकलेलं" म्हणून फेकत होते. आज एक उन्हासमोर धरलं. हिरव्या डागाच्या आत एक बारीक नागमोडी बोगदा, आणि बोगद्याच्या टोकाला अळी. जिवंत, हलणारी, दोन मिलिमीटरची असेल. अख्खं पान मेलंय, झाडावरून पडलंय, आणि हिच्याभोवतीचा नखाएवढा तुकडा अजून हिरवा आहे.

पानाच्या आत राहून खाणाऱ्या अशा अळ्या आपल्याभोवतीचा भाग पिकू देत नाहीत, तिथे पान तरुण ठेवणारं द्रव्य वाढतं. 2010 मध्ये सफरचंदाच्या पानातल्या अशाच एका अळीवर फ्रान्समध्ये काम झालं, तेव्हा दिसलं की यामागे अळीच्या अंगातले जिवाणू आहेत. त्या अळ्यांना जिवाणू मारणारं औषध दिलं तर हिरवी बेटं उमटलीच नाहीत.

पान परत होतं तिथेच ठेवलं, उलटं न करता. त्याच ढिगात आणखी 14 सापडली, अळीसकट 6.

26 ऑक्टोबर (दिवस 35)

पानं दाबून ठेवण्याचा पहिला घाणा पूर्ण वाया. ओली पानं तशीच जाड वहीत घालून वर विटा ठेवल्या होत्या, 20 पैकी 13 ना बुरशी, बाकीची चॉकलेटी. दुसऱ्या घाण्याला पानं आधी फडक्याने टिपून, वर्तमानपत्रात, आणि पहिले चार दिवस रोज कागद बदलला. लाल टिकला, पिवळा थोडा उतरला. कागद बदलणं एवढाच खरा उपाय, वजन नव्हे.

31 ऑक्टोबर (दिवस 40)

धाग्याची पानं: 9. आता मेपलकडे बघण्यात मजा येतेय, रोज एक-दोन. गिंकोचं अजून काहीच नाही, पूर्ण पिवळा होऊन नुसता उभा आहे, एक पान खाली नाही. वहीत लिहिलंय, "गिंको सोडून द्यावा का?"

5 नोव्हेंबर (दिवस 45)

बरं झालं सोडला नाही.

रात्री आकाश मोकळं आणि पहिल्यांदा दव गोठलं. सकाळी गवत पायाखाली करकरत होतं, वारा अजिबात नाही, धूर सरळ वर जाईल अशी हवा. आम्ही गिंकोपाशी पोचलो तेव्हा झाड पूर्ण भरलेलं होतं. उन्हाची पहिली तिरीप शेंड्यावर आली आणि दोन मिनिटांत वरून एक पान सुटलं, मग तीन, मग मोजता येईना. वारा नाही त्यामुळे भिरभिरत नाहीत, सरळ खाली, देठ पुढे. आणि आवाज. गोठलेल्या पानांचा एकमेकांवर पडताना टिक-टिक असा आवाज येतो, बारीक पाऊस सुक्या पत्र्यावर पडावा तसा, पण पाऊस नाही. बाबांनी टोपी काढली आणि तसेच उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर पानं साठत होती.

मी चादर पसरली, एक मीटर बाय एक मीटर घडी करून, घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटात 38 पानं. पाचव्या मिनिटात 61. पुढे मोजणं सोडून दिलं, नुसतं बघितलं, ते मोजायला हवं होतं असं आता वाटतं पण तेव्हा नाही वाटलं. सव्वा तासात झाड रिकामं आणि खाली घोट्याएवढा पिवळा थर.

गिंकोच्या सगळ्या पानांचा सुटायचा थर जवळपास एकाच वेळी तयार होतो. रात्री त्या थरातलं पाणी गोठतं, पेशी फाटतात आणि बर्फच पान धरून ठेवतो. ऊन लागून बर्फ वितळला की धरायला काही उरत नाही. म्हणून ऊन जसं वरून खाली उतरलं तशीच पानगळ पण वरून खाली उतरली, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

ज्यांना हे बघायचंय त्यांनी जवळचा पिवळा झालेला गिंको हेरून ठेवावा आणि पहिली गोठणारी, बिनवाऱ्याची, निरभ्र रात्र सोडू नये. सूर्योदयाच्या आधी पोचा.

8 नोव्हेंबर (दिवस 48)

तीन दिवस कोळिणीचं जाळं नाही. शेवटचं 5 तारखेचं फाटकं, 19 आरे. आज कुंपणाच्या खांबामागे, पावसापासून आडोशाला, पिवळसर रेशमाचा एक गोळा सापडला, द्राक्षाएवढा, आणि शेजारी ती. फुंकर मारली तर एक पाय हलला. अंडी घातल्यावर या कोळिणी फार जगत नाहीत, पिल्लं वसंतात बाहेर येतील. बाबा म्हणाले, "हिला रोज बघायची सवय झाली होती." मला पण. खांबाला हात लावला नाही, वहीत जागेचा नकाशा काढून ठेवला.

धाग्याची पानं: 4.

10 नोव्हेंबर (दिवस 50)

ही बाबांची नोंद, त्यांनी दाखवली म्हणून. मेपलचीच एक फांदी सप्टेंबरच्या आधी कधीतरी मोडून लोंबतेय. झाड जवळजवळ मोकळं झालं, पण त्या मेलेल्या फांदीवर सगळी पानं अजून आहेत, तपकिरी, चुरगळलेली, ओढली तरी सुटत नाहीत. पान गाळायला फांदी जिवंत लागते. मी रोज त्या फांदीखालून वाकून जात होते.

14 नोव्हेंबर (दिवस 54)

वहीचं शेवटचं पान. धाग्याचं एकच पान उरलंय, नंबर 17, लाल जाऊन आता विटकरी.

चिनाराची पानं आज भरपूर पडलेली. एक उचललं, देठाचं बूड बघितलं तर ते आतून पोकळ, शंकूसारखं, पेन्सिलीच्या टोपणासारखं. हे कशासाठी? झाडावर अजून चिकटलेलं एक पिकलं पान हळूच वाकवलं, टक करून सुटलं, आणि जिथे देठ होता बरोबर तिथे एक टोकदार, चकचकीत डोळा बसलेला. पुढच्या वर्षीची पालवी. उन्हाळाभर ती या देठाच्या टोपीखाली वाढत होती, बाहेरून काहीही न दिसता. भिंगाखाली तिच्यावर देठाच्या आतल्या लवेचा ठसा दिसला. मग बाबांनी एक सोडवलं, मग मी, प्रत्येकाखाली डोळा, एकही रिकामा नाही. सात बघून थांबलो, बाकीची आपली आपण गळू देत.

मेपलचे 30 धागे काढले नाहीत. 29 धाग्यांच्या वर आता पान नाही, पण भिंगातून बघितलं तर प्रत्येक वणाच्या वर बारीक लालसर डोळा आहे. नंबर तेच ठेवलेत. नवीन वही आणली, पहिल्या ओळीत 17 नंबर लिहिलाय, तारखेची जागा मोकळी सोडलीय.